‘थांबा’ म्हणू शकणाऱ्यांचा उत्साह

गोंदिया शहराजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणाची लहान विमाने उडू लागली, की आसपासच्या गावांतील पोरे आजही मान वर करून पाहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. आज तेथे देशभरातून तरुण-तरुणी वैमानिक होण्यासाठी येतात. पाहणाऱ्याला विमान दिसते, फार तर त्यातला वैमानिक मनात येतो. जमिनीवर बसून, कानाला हेडफोन लावून त्या विमानाची वाट मोकळी ठेवणारा माणूस मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. अवकाशाच्या बाबतीतही हेच घडते. राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्यांची याने सुखरूप नेऊन परत आणण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव बहुतेकांना सांगता येणार नाही.

या माणसांना उड्डाण नियंत्रक म्हणतात. विमानतळाच्या मनोऱ्यातील नियंत्रक विमानांना वाट दाखवतो. अवकाश मोहिमेतील उड्डाण नियंत्रकाकडे त्याहून बरेच अधिक काम असते. यानाची वीज, इंधन, संगणक, मार्ग, संपर्क अशा प्रत्येक गोष्टीसाठी नियंत्रण कक्षात एक स्वतंत्र मेज असते. एक मेज डॉक्टरांचे असते. अंतराळवीराच्या हृदयाचे ठोके, श्वास, झोप, थकवा यांवर त्यांचे लक्ष असते. या सर्वांच्या वर उड्डाण संचालक. कोणताही मोठा टप्पा येण्याआधी संचालक प्रत्येक मेजाला एकच प्रश्न विचारतो : पुढे जायचे की थांबायचे? त्यावर प्रत्येकाला एका शब्दात उत्तर द्यावे लागते. वीस जण ‘जाऊ या’ म्हणाले आणि एकविसावा ‘थांबा’ म्हणाला, तर आधी त्या एकाचे म्हणणे ऐकावे लागते.

यानाचा प्रत्येक दोष, प्रत्येक गळती, प्रत्येक फसलेली चाचणी या लोकांनी जवळून पाहिलेली असते. तरीही माणसाने अवकाशात जावे, चंद्रावर परत जावे, मंगळाचा विचार करावा, असे तळमळीने सांगणाऱ्यांत निवृत्त उड्डाण नियंत्रक आघाडीवर दिसतात. एखाद्या धंद्यातले धोके ज्याला सर्वांत चांगले ठाऊक, त्याचाच त्या धंद्यावर इतका जीव का असावा? आणि ज्या देशात गोंदियासारखे जिल्हे सिकलसेल आणि रक्तक्षयाशी झुंजत आहेत, त्या देशाने हा उत्साह किती मनावर घ्यावा? भारत स्वतःच्या यानातून माणूस पाठवण्याच्या तयारीत असताना या प्रश्नांना बगल देऊन चालणार नाही.

नियंत्रण कक्षाची आजची पद्धत घडवली ती अमेरिकेच्या नासामधील ख्रिस क्राफ्ट यांनी. १९६१ मध्ये पहिला अमेरिकी अंतराळवीर उडाला, तेव्हा उड्डाण संचालकाच्या जागी ते होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जीन क्रान्झ हे जगातील सर्वांत परिचित उड्डाण संचालक. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ आल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना ह्यूस्टनमधील कक्षाची सूत्रे क्रान्झ यांच्याकडे होती. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते आणि त्यांच्या चमूतील बहुतेक जण त्यांच्याहूनही लहान.

त्या उतरणीत यानाच्या संगणकाने अचानक ‘१२०२’ हा इशारा देण्यास सुरुवात केली. चंद्र काही मिनिटांवर आला होता. उतरायचे की परत फिरायचे, हे स्टीव्ह बेल्स या २६ वर्षांच्या नियंत्रकाला काही सेकंदांत सांगायचे होते. मागच्या खोलीत बसलेल्या जॅक गारमन या २४ वर्षांच्या तरुणाजवळ अशा इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी होती. इशारा सतत येत नसेल, तर धोका नाही, असे त्याने कळवले. बेल्स यांनी ‘पुढे चला’ म्हटले आणि यान उतरले. या यादीमागे एक चूक होती. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच इशाऱ्यावर बेल्स यांनी गरज नसताना मोहीम रद्द करायला लावली होती. त्यांना बोल लावण्याऐवजी क्रान्झ यांनी फर्मावले, की संगणक देऊ शकेल असा प्रत्येक इशारा शोधा आणि त्याचा अर्थ लिहून ठेवा. सरावातील चूक दडपली असती, तर खऱ्या दिवशी ती यादी हाताशी नसती.

या पिढीला हा धडा फार महागात मिळाला होता. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या जमिनीवरील चाचणीत शुद्ध प्राणवायूने भरलेल्या यानात आग लागली आणि तीन अंतराळवीर जागीच गेले. यान अजून पुरेसे तयार नाही, हे अनेकांना जाणवत होते. वेळापत्रकाच्या घाईत कोणी ‘थांबा’ म्हटले नाही. अपघातानंतर क्रान्झ यांनी आपल्या माणसांना एकत्र केले आणि दोष इतरांवर न ढकलता तो आपलाही आहे, असे सुनावले. यापुढे कणखर आणि सक्षम हे दोन शब्द प्रत्येकाने आपल्या फळ्यावर लिहावेत आणि ते कधी पुसू नयेत, असे त्यांनी सांगितले. १९७० मध्ये अपोलो-१३ च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा याच कक्षाने तिन्ही अंतराळवीरांना जिवंत परत आणले.

क्रान्झ १९९४ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिले, देशभर व्याख्याने दिली आणि चांद्रमोहिमांचा जुना नियंत्रण कक्ष जसाच्या तसा जतन व्हावा, म्हणून पाठपुरावा केला. २०१९ मध्ये तो पुन्हा खुला झाला. या उत्साहात जुन्या वैभवाची आठवण आहेच. पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे : माणसे चुका करतात, यंत्रे बिघडतात, तरीही नीट शिकवलेला आणि निर्भयपणे बोलू शकणारा चमू अवघड काम पार पाडू शकतो, हा अनुभवातून आलेला विश्वास. धोका माहीत नसलेल्याच्या जोशापेक्षा हा उत्साह निराळा आणि म्हणूनच लक्ष देण्याजोगा आहे.

भारतात ही परंपरा उशिरा, आणि वेगळ्या वाटेने आली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून ‘नायके-अपाची’ हे पहिले रॉकेट उडाले. थुंबाच्या त्या पहिल्या लहानशा तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे जवळचे सहकारी. थुंबाची जागा निवडण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील २४०० गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्याचे व्यवस्थापन चिटणीस यांनी केले. त्या गावांपैकी काही गोंदियाच्या शेजारच्या रायपूर पट्ट्यातील, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशातील होती. ज्या गावांत वीज जेमतेम पोहोचली होती, तेथे आकाशातून चित्र आले.

या पिढीचे गुरू विक्रम साराभाई यांनी मात्र एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली होती. चंद्र, ग्रह किंवा मानवी अवकाशप्रवास यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न भारत पाहत नाही; प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. भारताच्या अवकाश कार्यक्रमाला जगभर जो मान मिळाला, तो याच भूमिकेमुळे. तेव्हा गगनयानाच्या समर्थकांनी साराभाईंचे नाव घेताना हे वाक्य गाळू नये. देश बदलला, ताकद वाढली, म्हणून धोरण बदलले असे म्हणता येईल. पण बदलाचे कारण लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

मग हिशेबच मांडू. गगनयान कार्यक्रमाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून एकूण निधी २०,१९३ कोटी रुपये करण्यात आला; त्यात २०२८ च्या अखेरपर्यंतच्या आठ मोहिमा येतात. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर दरडोई सुमारे १४४ रुपये होतात, तेही दहा वर्षांत मिळून. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. त्या हिशेबाने या जिल्ह्याचा वाटा साधारण १९ कोटी रुपये येतो. केंद्राच्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याला वर्षाला जवळपास एक लाख कोटी आणि संपूर्ण अवकाश खात्याला तेरा हजार कोटींच्या घरात रक्कम मिळते. म्हणजे गगनयान थांबवले, म्हणून देशाच्या आरोग्याचा प्रश्न सुटणार नाही. पण १९ कोटी ही गोंदियासाठी लहान रक्कमही नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांसाठी तेवढ्या पैशांत काय काय करता येईल, हे तेथील कोणतीही परिचारिका बोटावर मोजून सांगेल. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला देशप्रेमाचे धडे देऊ नयेत. त्याला नीट उत्तर द्यावे.

उत्तराचा एक भाग वैद्यकशास्त्रात आहे. वजनरहित अवस्थेत माणसाचे शरीर झपाट्याने बदलते. पायांकडचे रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकते, चेहरा सुजल्यासारखा होतो, पाय बारीक होतात. शरीराचा भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. हाडांतील कॅल्शियम लघवीवाटे जात असल्याने मूतखड्याचा धोका वाढतो. स्नायू झिजतात, डोळ्यांच्या मज्जातंतूवर सूज येऊ शकते. म्हणून अंतराळ स्थानकावरील प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. तेथे सहा महिन्यांत दिसणारी हाडांची झीज जमिनीवर म्हातारपणी वर्षानुवर्षांत होते. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे शरीरही याच वाटेने जाते. त्यामुळे अवकाशवैद्यक हे अंतराळवीरांपुरते राहत नाही.

रक्ताची गोष्ट गोंदियाच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. कॅनडातील ओटावा येथील संशोधकांनी सहा-सहा महिने अंतराळात राहिलेल्या १४ जणांची तपासणी करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. जमिनीवर आपल्या शरीरात सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नष्ट होतात आणि तितक्याच नव्या बनतात. अंतराळात हे नष्ट होण्याचे प्रमाण सेकंदाला ३० लाखांपर्यंत, म्हणजे ५४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. परत आल्यावर वर्षभरानेही ते पूर्वीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्तच होते. अंतराळात शरीरातील द्रवाचे प्रमाण बदलते, म्हणून रक्त कमी होते आणि काही दिवसांत सगळे सुरळीत होते, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार घराघरांत माहीत आहे. त्यातही तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांतच संपते. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. सिकलसेलचे मूळ जनुकात आहे, अंतराळवीराच्या रक्तक्षयाचे मूळ परिस्थितीत. अंतराळातील संशोधनातून सिकलसेलचे औषध निघेल, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. पण पेशी फुटत असताना अस्थिमज्जा किती काळ तग धरते, आहार काय असावा, लोहाचे काय होते, या प्रश्नांवर काम करणाऱ्या दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवे, एवढे तरी नक्की म्हणता येते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे लक्ष्य आहे. गगनयानासाठी उभ्या राहणाऱ्या वैद्यकीय प्रयोगशाळा आणि ही मोहीम या दोन समांतर रेषा राहू नयेत.

दूरवैद्यकाचे उदाहरण तर सरळच आहे. अंतराळवीर आजारी पडला, तर डॉक्टर त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही; जमिनीवरून पाहून, ऐकून, आकडे वाचून निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी जे तंत्र उभे राहिले, ते नासाने १९७० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पापागो आदिवासींच्या वस्त्यांवर वापरून पाहिले. एक्स-रे आणि ईसीजीची सोय असलेली गाडी वस्तीवर जाई आणि दूरच्या रुग्णालयातील तज्ज्ञ संपर्क यंत्रणेवरून सल्ला देत. भारतात इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचे जाळे विणायला सुरुवात केली. आज उपकेंद्रातून मोबाइलवर तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो, तो याच विचाराचा पुढचा टप्पा. जंगलातील पाड्यावरचा रुग्ण आणि ४०० किलोमीटर उंचीवरचा अंतराळवीर यांची अडचण एकच आहे : डॉक्टर लांब आहे.

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले, तेव्हा त्यांनी केलेल्या प्रयोगांतही हीच मातीची ओढ होती. मूग आणि मेथीला तेथे मोड आणले गेले, स्नायू का झिजतात याचा अभ्यास झाला, सूक्ष्म शेवाळ वाढवण्यात आले. भात, चवळी, तीळ, वांगी, टोमॅटो यांचे बियाणे तेथे नेऊन परत आणले गेले. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण धानावर चालते, तेथल्या शेतकऱ्याला अंतराळात जाऊन आलेल्या भाताच्या बियाण्याबद्दल कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अशा एका प्रयोगातून लगेच नवे वाण येत नाही. पिढ्यान् पिढ्या लावून पाहावे लागते.

येथवरचे फायदे खरे असले, तरी प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हाडांची झीज किंवा रक्तक्षय हाच उद्देश असेल, तर त्यासाठी थेट रुग्णालयात संशोधन करणे स्वस्त पडते. नागझिऱ्यात मे २०२३ मध्ये सोडलेल्या दोन वाघिणींच्या गळ्यातील सॅटेलाइट कॉलर, हवामानाचा अंदाज, मोबाइलचे नकाशे हे सगळे माणूस न पाठवताच मिळाले. जोडफायद्यांच्या आधारावर मानवी अवकाशप्रवासाचे समर्थन करणे म्हणजे वऱ्हाडाला आलेल्यांनी फक्त जेवणाचे कौतुक करण्यासारखे आहे. लग्न कशासाठी, हे त्यातून कळत नाही.

जुने उड्डाण नियंत्रक याचे उत्तर वेगळे देतात. माणूस जागेवर असला, की शोधाची जातच बदलते, असे त्यांचे म्हणणे. अपोलोच्या सहा मोहिमांत चंद्रावर उतरलेल्या बारा जणांनी ३८२ किलो दगड-माती आणली. त्याच काळात सोव्हिएत संघाच्या तीन यंत्रयानांनी मिळून आणली सुमारे ३०० ग्रॅम. कोणता दगड उचलायचा, हे प्रशिक्षित डोळ्याने जागेवर ठरवले. आज यंत्रे हुशार झाली आहेत आणि हे अंतर कमी होत जाईल, हेही खरे. तरी आपल्यासारखाच हाडामांसाचा कोणी तेथे आहे, या भावनेने शाळेतल्या मुलाच्या मनात जे पेटते, ते यंत्राने पेटत नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सल्यूत-७ स्थानकावर योगासने केली, हे त्या वेळची मुले आज पन्नाशीत असूनही विसरलेली नाहीत. हेच शर्मा पुढे नाशिकच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते, हे मात्र महाराष्ट्रातही थोड्यांनाच ठाऊक आहे.

तेव्हा उत्साहाला विरोध असण्याचे कारण नाही. अट एकच आहे : तो नियंत्रण कक्षातला उत्साह असावा, व्यासपीठावरचा नसावा. या दोहोंतला फरक इतिहासाने रक्ताने लिहून ठेवला आहे. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेतील रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले होते, की इतक्या थंडीत रबरी कड्या काम करतील याची खात्री नाही, उड्डाण करू नका. वरिष्ठांनी त्यांचे ऐकले नाही. ‘चॅलेंजर’ ७३ सेकंदांत कोसळले आणि सात जण गेले. २००३ मध्ये ‘कोलंबिया’च्या पंखावर फेसाचा तुकडा आदळल्यावर काही अभियंत्यांनी अवकाशातील यानाची छायाचित्रे मागितली होती, ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटले. त्यात कर्नालच्या कल्पना चावला होत्या. दोन्ही वेळा ‘थांबा’ म्हणणारा माणूस होता. त्याचा शब्द निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही मोजला गेला नाही.

भारताचा अलीकडचा अनुभव या कसोटीवर दिलासा देणारा आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यात गगनयानाच्या पहिल्या चाचणी उड्डाणाची उलटगणती अगदी पाच सेकंदांवर आली असताना संगणकाने उड्डाण रोखले. देशभर थेट प्रक्षेपण सुरू होते. गडबडून न जाता चमूने कारण शोधले, दोष दूर केला आणि सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी केली. जून २०२५ मध्ये शुक्ला यांच्या मोहिमेच्या रॉकेटमध्ये द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. ती पूर्ण दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी, असा आग्रह इस्रोच्या चमूने धरल्याचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी सांगितले. उड्डाण अनेकदा पुढे गेले आणि २५ जूनला सुखरूप झाले. गगनयानाचे पहिले मानवी उड्डाण २०२२ पर्यंत होईल, असे २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झाले होते. आता २०२७ चे नाव घेतले जाते. या विलंबावर टीका करणाऱ्यांनी अपोलो-१ आठवावे. तारीख पाळण्यासाठी यान उडवायचे नसते.

गोंदियाला हा विषय पुस्तकी वाटू नये, याला एक दुःखद कारण आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी दोघांचाही जीव गेला. आकाश लहान विमानालाही क्षमा करत नाही. अशा प्रत्येक अपघातानंतर चौकशी होते, अहवाल येतो. त्यातील शिकवण पुढच्या तुकडीतील मुलामुलींपर्यंत साध्या भाषेत पोहोचली, तरच त्या अहवालाला अर्थ राहतो.

आरोग्य क्षेत्राने तर हा धडा उघडपणे उड्डाण क्षेत्राकडून घेतला आहे, आणि त्यात विदर्भाचा अंश आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. वैमानिक उड्डाणापूर्वी जशी यादी मोठ्याने वाचतात, तशीच ही. रुग्ण तोच का, बाजू तीच का, प्रतिजैविक दिले का, रक्ताची सोय आहे का, आणि खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगितले का? दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका कागदाने हे घडले, असे नाही. त्या कागदामुळे कनिष्ठ परिचारिकेलाही वरिष्ठ सर्जनला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क मिळाला, हे त्यामागचे खरे औषध.

या सगळ्यातून मागण्या अगदी साध्या निघतात. गगनयानाच्या प्रत्येक मानवरहित चाचणीनंतर काय बिघडले आणि काय दुरुस्त केले, याचा थोडक्यात अहवाल मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा. ज्यांच्या १४४ रुपयांवर हे चालते, त्यांचा तो अधिकार आहे. उड्डाणापूर्वी ज्यांनी हरकत घेतली, त्यांची हरकत नोंदली जावी आणि त्यासाठी कोणाच्याही बढतीवर गदा येऊ नये. अंतराळवीरांच्या रक्ताचा आणि हाडांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी सिकलसेल व रक्तक्षयावर काम करणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांना, गोंदियाच्या शासकीय महाविद्यालयासह, सोबत घ्यावे. आणि जिल्ह्यातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात व प्रसूतिगृहात ती सुरक्षा-यादी भिंतीवर टांगण्यापुरती न राहता मोठ्याने वाचली जावी.

शेवटची मागणी पूर्ण करायला रॉकेट लागत नाही, २०,१९३ कोटीही लागत नाहीत. सालेकशाच्या एखाद्या आरोग्य केंद्रात उद्या सकाळी एखादी परिचारिका ‘साहेब, जरा थांबा, रक्तगट पुन्हा पाहू’ असे म्हणेल आणि साहेब न चिडता थांबतील, तर अवकाश मोहिमांनी माणसाला शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट तेथवर पोहोचली, असे समजायला हरकत नाही.